बारा किलो शिसं

भिमाजी पगारे पाटबंधारे खात्यात पाणबुड्या होता. धरणाच्या तळाशी जाऊन दारं चाचपायची, अडकलेले ओंडके सोडवायचे, गोदावरीला पूर आला की वाहून गेलेली माणसं शोधायची, हे त्याचं काम. त्याआधी नौदलात बारा वर्षं काढली, तीही बंदराच्या काळ्या पाण्यात, जहाजांच्या पोटाखाली. जन्म असा गढुळात गेल्यामुळे असेल, पण पाण्याबाहेरच्या माणसांबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं.

शहाऐंशी सालच्या डिसेंबरात गंगापूर रोडच्या मोतीरामशेठनं त्याला बोलावणं धाडलं. शेठच्या बापानं शेवंती पिकवून विकली. शेठनं मळ्याचेच प्लॉट पाडून विकले आणि बंगल्यामागं विहिरीपुरता तुकडा ठेवला. आता मुंबईच्या कुठल्याशा क्लबाबरोबर ते लक्षद्वीपला समुद्राच्या तळाशी उतरणार होते. दुबईच्या जावयानं सगळं सामान पाठवलं होतं. ते नीट बांधून द्यायला जाणता माणूस हवा होता.

दिवाणखान्यात रुखवत मांडावं तसं सामान मांडलेलं. भिमाजीनं ते पाहिलं आणि त्याच्या ओठाचा कोपरा वाकडा झाला.

"तीन सुऱ्या कशाला, शेठ?"

"शार्क आला म्हंजे?"

"तीन आले तर पुरतील. चौथ्याचं काय?"

शेठना हे कळलं नाही. त्यांनी जाड काळा रबरी पोशाख उचलून दाखवला. "हे बघ, एकदम फॉरेन."

"फॉरेनच आहे. बर्फाच्या पाण्यात घालतात हा. लक्षद्वीपचं पाणी अंघोळीसारखं कोमट. ह्यात तुम्ही भरताच्या वांग्यासारखे भाजून निघाल. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, झालं."

"आणि हे शिसं?"

कमरेच्या पट्ट्यात शिशाचे ठोकळे ओवले होते. बारा किलो. भिमाजीनं समजावलं, अगदी पहिलीच्या पोराला समजावावं तसं. रबर माणसाला वर तरंगवतं, म्हणून खाली जायला एवढं वजन. रबर काढलं की वजनही काढायचं. "तुम्हाला चार किलो रगड झालं. आणि ही कडी बघा, एका हातानं सुटते. खाली घाबरलात तर आधी ही ओढायची. पट्टा गळून पडतो, माणूस वर येतो. एरवी हिला हात लावायचा नाही, पट्ट्याला गाठ मारायची नाही."

"बरं बरं," शेठ म्हणाले, आणि गॉगल नाकावर चढवून आरशात बघू लागले.

रविवारी नऊ वाजता विहिरीत चाचणी ठरली. भिमाजी वेळेवर पोचला, पण आळीतली पंधरा-वीस माणसं जमलेली पाहून शेठना धीर निघाला नव्हता. पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, पाठीवर हवेची टाकी, पिंडरीला एक सुरी बांधलेली, अशा थाटात ते विहिरीच्या पायरीवर उभे होते. रबरी पोशाख नव्हता. तो सल्ला त्यांनी पाळला होता, कारण तो पोटावरून चढलाच नाही. पट्टा मात्र पुरा होता आणि ढेरीला अपुरा पडला म्हणून टोकं सुतळीनं घट्ट बांधलेली.

"शेठ, शिसं किती घेतलंत?"

"सगळं! माल हाय तर कमी का वापरायचा?" असं म्हणून त्यांनी नळी तोंडात धरली आणि उडी टाकली.

जात्याची तळी पडावी तसे गेले. बुडबुड्यांचा एक लोंढा वर आला, मग विरळ झाला. काठावर कोणी टाळ्या वाजवल्या. भिमाजीनं चपला काढल्या, छातीभर हवा घेतली आणि सूर मारला.

तीस फुटांवर शेठ गाळात बसलेले सापडले. नळी तोंडातून सुटली होती आणि दोन्ही हात सुतळीची गाठ ओढत होते. ओल्यानं ती आणखी आवळली होती. भिमाजीनं त्यांच्याच पिंडरीची सुरी उपसली, सुतळी कापली, मानगूट धरली आणि त्यांना वर आणलं.

पायरीवर पाणी ओकून झाल्यावर शेठनं भोवतालचे चेहरे पाहिले. मग हसले. "भिमाजीची परीक्षा घेतली म्हणलं. पास झाला गडी!"

लोकही हसले. भिमाजीनं शर्ट पिळला आणि सायकल घेऊन घरी आला.

संध्याकाळी शेठची बायको विठाबाई कॉलनीत भिमाजीचं घर विचारत आली. भिमाजीच्या बायकोनं, मालनबाईनं, तिला चहा दिला. "भिमाजीभाऊ, सकाळपासून अंग कापतंय त्यांचं," ती म्हणाली. "पण गावभर सांगून बसलेत, आता मागं फिरायचे नायत. तुम्ही सोबत जा. तुमचं समदं आम्ही बघू."

"पेट्या उचलायला गडी हवाय म्हणा की. गाढवाला समुद्र दाखवायला मी कशाला?"

विठाबाई खालच्या मानेनं निघून गेली. मालनबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायची; तिच्यापुढं असली बोलणी चालायची नाहीत.

"अहो, तो गाढव खरा. पण तुम्ही काय पाहिलंय? वीस वर्षं चिखल चाचपताय. स्वच्छ पाण्यात एक मासा तरी पोहताना पाहिलाय?"

 

दुसऱ्या दिवशी भिमाजीनं शेठच्या तिन्ही पेट्या दिवाणखान्यात उलट्या केल्या. गरम पाण्याची पिशवी, दोन सुऱ्या, रबरी पोशाख, काश्मिरी शाल, सगळं एका बाजूला फेकलं. प्रवासात भरलेली टाकी चालत नाही म्हणून तिच्यातली हवा फुसकन सोडली. दोन गॉगल टॉवेलात गुंडाळून एका पिशवीत ठेवले. "ही पिशवी तुमची, ही माझी. आपापली उचलायची. मी म्हणेन तेव्हाच पाण्यात जायचं. आणि अरेतुरे बंद."

शेठ खुर्चीत अंग चोरून बसले होते. "खाली गेल्यावर कडी आठवली होती मला," ते हळूच म्हणाले. "पण गाठ मीच मारलेली, भिमाजीराव."

 

बेटावर पहिल्या दिवशी शेठ कमरेएवढ्या पाण्यात होडीला धरून उभे राहिले आणि भिमाजी क्लबाची टाकी पाठीवर घेऊन एकटा खाली गेला. चाळीस फुटांवर त्याला स्वतःच्या पायाची नखं दिसली. हळदीच्या रंगाचे मासे त्याच्या हाताजवळून गेले, पोवळ्यांची झुडपं लांबवर पसरली होती आणि काहीही चाचपावं लागत नव्हतं. हवा संपत आली तेव्हाच तो वर आला.

"काय हाय खाली?" शेठनं विचारलं.

काहीतरी टोचणारं बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. मग गॉगल शेठच्या डोळ्यांवर बसवला, हात पुढं केला आणि म्हणाला, "चला. माझं बोट सोडू नका."

शेठनं ते इतकं आवळून धरलं की दोन दिवस ते बधिर होतं.

नाशकात परतल्यावर मोतीरामशेठ सगळ्यांना सांगत सुटले की पाटबंधारेवाल्या भिमाजीला समुद्र त्यांनी दाखवला. शार्कचाही एक किस्सा होता, आणि तो दर आठवड्याला दोन फुटांनी वाढत होता. कुणी विचारलं तर भिमाजी मान हलवून दुजोरा द्यायचा. अशा माणसाला खोटं ठरवायचे कष्ट घ्यावेत एवढी किंमत त्यानं शेठना कधीच दिली नव्हती. मासे कसे होते, हे त्यानं फक्त मालनबाईला सांगितलं. तेही तिनं तीनदा विचारल्यावर.