सात नंबरची विहीर बुजते तेव्हा

मी एक जुनी विहीर आहे, मित्रांनो. पण बादली घेऊन धावत येऊ नका! माझं तोंड इतकं अरुंद की तुमची मूठसुद्धा आत जायची नाही. खोली मात्र चांगली तीस मीटर.

इथे पूर्वी यंत्रांचे सुटे भाग धुण्याचा कारखाना होता. धुण्याचं ते उग्र रसायन वर्षानुवर्षं मागच्या अंगणात ओतलं गेलं आणि जमिनीखालच्या पाण्यात उतरलं. ते पाणी तपासायला आम्हा सात जणींना खोदलं. खोदलं म्हणजे काय, भोक पाडून प्लॅस्टिकचा पाइप बसवला. दर तीन महिन्यांनी पाण्याचे नमुने नेणारे काका यायचे, दोरीला बांधलेली पोकळ नळी आत सोडून पाणी काढायचे, बाटल्या भरायचे. "सात नंबर खोटं बोलत नाही," म्हणायचे. एवढंच काय ते माझं कौतुक. एरवी माझ्या झाकणावर मुंग्या, आणि एकदा मागे घेताना चुकून चढलेला ट्रक.

बारा वर्षांनी पाणी स्वच्छ निघालं. भिंतीपलीकडच्या मावशींना आपल्या बोअरचं पाणी प्यायची परवानगी मिळाली आणि आम्हाला बुजवायचा हुकूम आला. उघडं भोक राहिलं तर वरची घाण सरळ खाली जाते ना!

सहा जणी बुजल्या. माझ्या वेळी कामावर देखरेख करणाऱ्या ताईंनी आधी खोली मोजायची टेप सोडली. ती एकोणीस मीटरवरच थांबली.

"गाळ असेल हो," सिमेंट कालवणारे मिस्त्री म्हणाले. "वरून ओतू, झाकण लावू, जेवायला जाऊ."

"अकरा मीटर गाळ?" ताई म्हणाल्या. "खाली पोकळ राहिलं आणि उद्या काही झिरपलं, तर थेट मावशींच्या पाण्यात."

मावशी भिंतीवरून डोकावतच होत्या. "बारा वर्षं पाण्याचे कॅन वाहिलेत मी. परत पिऊ नका म्हणालात तर बघा!"

काका खाकरले. "गाळ नाही तो. माझी नळी आहे."

"काय?"

"शेवटची बाटली भरली, मग उगाच आणखी एकदा सोडली. निरोप म्हणून. गाठ सुटली आणि नळी मध्येच अडकून बसली. रिटायर व्हायला पंधरा दिवस राहिलेत, म्हटलं कशाला शोभा करून घ्या."

"आणि मी इथे सिमेंट घोटतोय!" मिस्त्री करवादले.

ताई रागावल्या नाहीत. "काढता येईल?"

काकांनी लांब तारेला आकडा केला. आत काळाकुट्ट अंधार. मावशी घरातून आरसा घेऊन आल्या आणि त्यांनी ऊन माझ्या पोटात पाडलं. दोनदा आकडा निसटला. तिसऱ्यांदा नळीच्या कडीत अडकला.

"हळू, काका, हळू!" आता मिस्त्रीच ओरडत होते.

नळी वर आली. टेप पुन्हा सोडली: पूर्ण तीस. काकांनी वहीत सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली सही केली. मिस्त्रींनी सिमेंट सोडायचा बारीक पाइप माझ्या तळापर्यंत घातला आणि खालून वर, सावकाश, सिमेंट भरायला घेतलं.

मित्रांनो, ते आता माझ्या गळ्याशी आलंय. चांगलं घट्ट आहे. उद्या वर माती पडेल, गवत येईल. खुशाल पळा, खेळा माझ्यावर. फक्त उरलेलं तेल, रंग, औषध इथे ओतू नका. खाली काय पोचलं, ते सांगायला आता मी नसेन.