घेवड्यावरचं पाणी

ओतोनिएलचं वजन त्या महिन्यात दीड पौंडानं वाढलं, तेव्हा मी नोएमीकडे मान ताठ करून बघितलं. प्रार्थनाघराच्या आढ्याला वजनकाटा टांगलेला, त्याच्या झोळीत माझा चौदा महिन्यांचा नातू. गाल वर आलेले, पावलं गुबगुबीत.

"बघ गं," मी म्हटलं, "तूच ओरडत होतीस ना, आईचं दूध तोडू नका म्हणून? तीन महिने झाले तोडून. कसा भरलाय बघ पोरगा!"

नोएमी आमच्याच वस्तीतली. आरोग्य केंद्राचं काम करते, पण तिची नाळ मी कापलेली. इथली निम्मी पोरं माझ्याच हातात जन्मली आहेत. ती हसली नाही. तिनं ओतोनिएलच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा.

"आजी, हे मांस नाही. अंगात पाणी साचलंय. काय घालता याला?"

"काय म्हणजे? मक्याची पेज, साखर घालून. घेवड्यावरचं पाणी. सकाळी कॉफीचे दोन घोट."

"आणि घेवड्याचे दाणे?"

"एवढ्याशा पोटाला दाणे? तुला तरी कुणी घातले होते?"

"आणि अंडी? चार कोंबड्या आहेत तुमच्या."

माझी सून एर्मेलिंदा जमिनीकडे बघत होती. अंडी टोपलीत होती, मक्याच्या सालपटांत गुंडाळून ठेवलेली. शनिवारी एलिसेओभाऊ उपदेशाला यायचे होते. त्यांच्या जेवणाचा मान त्या वर्षी आमच्या घराला मिळाला होता. त्या टोपलीला महिनाभर मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

दूधही मीच तोडलं होतं. पोटात दुसरं आलं की दूध त्याचं होतं, अंगावरच्यानं ते प्यायलं तर दोघंही खंगतात, असं आमच्यात मानतात. माझ्या आईनं माझ्या पोरांचं तसंच तोडलं. एर्मेलिंदाला दिवस गेले तसा मी तिच्या छातीला कडू पाला चोळला. ओतोनिएल चार दिवस रडला, मग थांबला. मला वाटलं, शहाणं पोर आहे.

"आजच्या आज इस्पितळात न्या," नोएमी म्हणाली. "दुपारी गाडी खाली जाते."

"सोमवारी नेऊ. भाऊ येताहेत, डोक्यावर हात ठेवतील."

"भाऊ डोक्यावर हात ठेवतील, आजी. पोटात काय ठेवतील?"

"तोंड सांभाळ!"

"आई, मी एकटी नेते त्याला," एर्मेलिंदा हळूच म्हणाली.

"आणि पन्नास माणसांच्या भाकऱ्या कोण थापणार? नवरा तुझा उसाच्या मळ्यावर, मला एकटीला टाकून जातेस?"

ती राहिली. आमच्या घरात माझा शब्द खाली पडत नसे.

शनिवारी एलिसेओभाऊ आले. साठीचा माणूस, पण गळा असा की उपदेश बोलता बोलता कधी गाण्यात शिरतो ते कळतही नाही. ते एक ओळ गायचे आणि आम्ही सगळे ती उचलायचो: 'तुझ्या दारी रिकामा आलो, भरून ने रे मला!' मी डोळे मिटून टाळ्या वाजवत होते. देव अगदी माझ्या चुलीपाशी येऊन बसलाय असं वाटत होतं. एर्मेलिंदा पोराला पाठीशी बांधून मागे भाकऱ्या थापत होती. पोरगा आवाज करत नव्हता. त्याचंही मला कौतुकच वाटलं.

मग भाऊंसमोर ताट आलं. कांदा-टोमॅटोत परतलेली अंडी, वाफ निघणारी. त्यांनी मान खाली घालून आशीर्वाद मागितला, वर बघितलं, आणि त्यांची नजर एर्मेलिंदाच्या पाठीवर अडकली. पोराचे केस तांबूस पडले होते. त्यांनी हात लांब करून त्याचं पाऊल धरलं. अंगठा दाबला.

"बाई," ते म्हणाले, आणि त्या आवाजात गाणं उरलं नव्हतं, "माझ्याकडे असाच एक होता. लोक म्हणायचे, उपदेशकाचं पोर ना, खाऊन खाऊन सुटलंय. मीही हसायचो."

त्यांनी बोटावर अंड्याचा एवढासा तुकडा घेऊन ओतोनिएलच्या ओठांना लावला. ओतोनिएलनं जिभेनं तो बाहेर ढकलला आणि मान फिरवली.

"ताट उचला," भाऊ म्हणाले. "गाडी कुणाची आहे?"

तांदळाच्या व्यापाऱ्याची होती. एर्मेलिंदा पुढे बसली, मी मागे पोत्यांवर. पूल यायच्या आधी तिनं मागची काच ठोठावली. एकदाच.

त्याच्या धर्ममातेनं पहिल्या वाढदिवसाला घेतलेले बूट त्याला घालायला काढले. पावलं त्यांत जाईनात. बूट बाजूला उशाशी ठेवून शवपेटी बंद केली.

एलिसेओभाऊंनीच प्रार्थना म्हटली. गायले नाहीत. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यासाठीच ठेवली होती हो मी अंडी." ते कितीतरी वेळ माझा हात धरून बसले. "ठाऊक आहे मला," म्हणाले. "म्हणूनच मला घास गिळवत नाही."

माझी नात केइला जन्मली त्याला आता आठ महिने झालेत. मी मऊ शिजलेला घेवडा पाट्यावर सालासकट वाटते, वर अंड्याचा बलक कुस्करते. वाटी एर्मेलिंदाकडे देते. चमचा ती माझ्या हातात देत नाही, आणि मी मागत नाही. अंगावरचं दूधही चालू आहे. परवा एका पोटुशीच्या सासूनं मला दूध तोडायचा पाला विचारला, तेव्हा मी तिला पोरीच्या पावलांपाशी नेऊन बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

यंदा भाऊ आले तेव्हा जेवणाचा मान मीच मागून घेतला. त्यांच्यापुढे भाकरी आणि घेवड्यावरचं पाणी ठेवलं. ते दोन्ही हातांनी वाडगा धरून प्यायले, तळापर्यंत.

दुपारी उपदेश झाला. ती ओळ आली तेव्हा मीही गायले. समोर एर्मेलिंदा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती गात नव्हती. तिनं केइलाच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा लगेच भरून आला, तरी आम्ही दोघी बघत राहिलो.