मालनबाईंच्या हातातलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. मुठीत मावणारं, पितळी कड्यात बसवलेलं. गिरगावातल्या एका गल्लीत ओल्या चाकावर मला घासलं, तेव्हाची फक्त पाण्याची झुळझुळ आठवते. तिथून मी परळच्या एका गिरणीत गेलो. कापड तपासणारे गुणाजी परब मला ताग्यावर ठेवून एक डोळा मिटायचे, आणि बारीक सुताचे धागे माझ्यात दोरखंडासारखे जाड व्हायचे.

मग संप झाला. गिरणी पुन्हा उघडलीच नाही. गुणाजींच्या खिशात राहून गेलेला मी डिलाईल रोडच्या चाळीत आलो. गुणाजी दिवसभर गॅलरीत बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांची मुलगी मालन मात्र मला घेऊन मुंग्यांच्या मागे फिरायची.

एका सकाळी तिची आई राधाबाई झाडू घेऊन जिन्याखालची जाळी काढायला निघाली. मालन आडवी आली. कोळ्याने हे नुकतंच विणलंय, मोडू नकोस, म्हणाली.

"मगे काय त्येची पूजा करू?" राधाबाईने विचारलं.

मालनने वडिलांना हाताला धरून आणलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. कोवळं ऊन जाळ्यातून माझ्यात उतरलं. गुणाजी वाकून किती तरी वेळ पाहत राहिले.

"ह्येका संपाचो पत्तो नाय," ते म्हणाले, आणि हसले. गिरणी बंद पडल्यानंतर पहिल्यांदाच. राधाबाईने झाडू खाली ठेवला.

पुढे मालन शाळेत शिकवू लागली, मालनबाई झाली. त्या सकाळच्या प्रसंगावर तिने मुलांसाठी पहिलं पुस्तक लिहिलं, 'जिन्याखालचा विणकर'. दादरच्या प्रकाशकांना शंका होती. मुलांना वाघ-सिंह हवे असतात, चाळीतला कोळी कोण वाचणार?

"वाघ मुलांना कधी भेटेल सांगता येत नाही," मालनबाई म्हणाल्या. "कोळी आजच भेटेल."

पुस्तक निघालं. मागून वरळीच्या खडकांवरचे खेकडे आले, गिरणीच्या भिंतीवरचं शेवाळ आलं. रविवारी मुलं जमली की त्या त्यांना शिवाजी पार्कला नेऊन झाडाखाली पोटावर झोपायला लावायच्या. चालायला आलेले आजोबा वळसा घालून जायचे. मी या हातातून त्या हातात फिरायचो. गवताचं पातं माझ्यात रस्त्याएवढं व्हायचं, दवाच्या थेंबात उलटं आभाळ तरंगायचं. ते दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात.

मग त्यांच्या नजरेच्या मधोमध धुकं उतरलं. मी तोच होतो, ऊनही तेच होतं, पण त्यांना माझ्यातून काही दिसेना. डॉक्टर म्हणाले, आता यावर उपाय नाही. दिव्याकडे येणाऱ्या पतंगांचं पुस्तक अर्धंच राहिलं होतं. त्यांनी मला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. त्या अंधारात मी झोपेत धागे पाहायचो.

शेजारच्या वैशालीताई रोज चहा घेऊन यायच्या. निवृत्त नर्स होत्या. रक्ताला कधी घाबरल्या नाहीत, पण साधी पाल दिसली तरी बाहेर पळायच्या. लिहिणं का थांबलं, असं त्यांनी एकदा विचारलं. मालनबाईंनी मला कपाटातून काढून त्यांच्यासमोर धरलं, आता तू बघ आणि मला सांग, म्हणाल्या. भिंतीवर एक पतंग बसला होता.

"मला किळस येते गं," वैशालीताई म्हणाल्या.

"मग किळस येते तेच सांग. मुलांनाही आधी तीच येते."

नाकाला पदर लावून वैशालीताई वाकल्या. मग पदर हळूच सुटला. "मालन, याच्या अंगावर लव आहे गं. पिलाच्या अंगावर असते तशी."

त्या दिवसापासून वैशालीताई बघायच्या, मालनबाई वाक्यं सांगायच्या आणि फोन ती ऐकून लिहून घ्यायचा. पुस्तक छापून आलं तेव्हा मालनबाई इस्पितळात होत्या. त्यांनी पानांचा वास घेतला. वैशालीताईंनी त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात मालनबाई गेल्या.

चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. लहानपणी त्यांची पुस्तकं वाचलेली मोठी माणसं आपल्या मुलांना घेऊन आली. चाळीच्या मंडळातल्या हितेंद्रने माझ्यासाठी काचेची पेटी आणली होती, आत लाल मखमल. फोटोशेजारी मला कायमचं ठेवायचं, म्हणाला. त्याच्या मनात आदरच होता. मखमल मऊ होती, पण मला पुन्हा ते कपाट आठवलं.

वैशालीताई उठल्या, पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं.

"भिंग आहे ते, हितेंद्र. त्याच्याकडे नाही, त्याच्यातून बघायचं असतं."

फोटोच्या हारातल्या एका झेंडूवर काहीतरी हललं. वैशालीताईंनी मला त्यावर धरलं. पाकळ्यांच्या केशरी दरीत एक चिमुकला हिरवा किडा आपले पाय पुसत बसला होता. भाषण करणारा बोलता बोलता थांबला. मुलं पुढे सरकली, मागून मोठी माणसं आली आणि बघता बघता हारासमोर रांग लागली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. मला जपा, पण पेटीत नको. माझ्यावर तुमच्या बोटांचे ठसे उमटू द्या. ते पुसता येतात.