पसरला नाही, दोन आहेत

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्या बघणारी नव्हे हो! मी माणसाच्या घशातून पोटात उतरणारी, टोकाला दिवा असलेली लवचीक नळी. मंचरच्या एका दवाखान्यात माझी हयात गेली. बरे झालेले पेशंट डॉक्टरांच्या पाया पडतात, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. नवी दुर्बीण आल्यापासून तर मी कपाटातच. तिथे जीव नुसता वरखाली होतो. बाहेर कुणी खोकलं तरी वाटतं, चला, बघूया ना!

एकदा नवी दुर्बीण दुरुस्तीला गेली आणि मला बाहेर काढलं. आहुप्याची कोंडाबाई आली होती. तिचा घास छातीत अडकायचा. अन्ननलिकेत मला बारकी गाठ दिसली आणि धस्स झालं.

"सापडलं, मॅडम!" सिस्टर म्हणाल्या.

पण डॉक्टर अश्विनी थांबल्या नाहीत. "जन्मभर तंबाखूची मिसरी लावलीय यांनी. एक सापडलं म्हणून बाकीचं बघायचं सोडायचं नाही."

त्यांनी मला पुढे जठरात नेलं. तिथे कोपऱ्यात एक लालसर चट्टा! दोन्हीकडचे तुकडे तपासायला गेले, छाती-पोटाचा स्कॅनही झाला. रिपोर्ट येईपर्यंत मला चैन पडेना.

रिपोर्ट आला. दोन्हीकडे कॅन्सर. एवढंच ऐकून तिचा नवरा कुशाबा उठलाच. "दोन ठिकानी म्हंजी पसारला की वो! आता कशाला तिचं हाल? चल गं, घरी जाऊ."

अहो, पुरतं ऐकून तरी घ्या! मला तोंड असतं तर ओरडलेच असते.

"बाबा, पसरला नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन वेगळ्या जातीचे आहेत, आपापले उगवलेत. स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. जठरातला पुण्याला दुर्बिणीतूनच काढतील, अन्ननलिकेला किरणांचा शेक आणि औषधं देतील. दोन्ही लवकर सापडलेत."

कुशाबा दारातच घुटमळला. "दोन म्हंजी दुप्पट मरान न्हाई व्हय?"

"आवो, मला कुनी इचारतंय का?" कोंडाबाई कडाडली. "जगायचं का मरायचं, ते मी सांगंन. दोन हायती, तर दोन्हीचं बघा!"

पुण्यात तिचे लई हाल झाले. खंगली बिचारी, पण परत आली. आता तपासणीला येते, तेव्हा मॅडम मलाच कपाटातून काढतात आणि आत उतरताना माझा जीव टांगणीला लागतो. अजून तरी सगळं स्वच्छ आहे.

मित्रांनो, घास अडकला तर काढे पीत बसू नका, मला बोलवा. आणि डॉक्टरांचं अर्धंच ऐकून माणसाला घरी नेऊ नका. कुशाबा आता मॅडमचा शेवटचा शब्द ऐकेपर्यंत जागचा हलत नाही. वर विचारतो, "आजून काई ऱ्हायलं का सांगायचं?"