काकूंनी सांगितलंय

न्हाणीघरातल्या फरशीवरून काका-काकूंचं जे वाजलं, ते त्या घराच्या बांधकामातलं शेवटचं भांडण ठरलं. काकांना गुळगुळीत, चकचकीत फरशी हवी होती. काकू फोनवरून म्हणाल्या, "घसरून पडलात तर उचलायला मी आहे का तिथे? खरखरीतच घ्या." फोन मुलीच्या घरून होता, दुसऱ्या देशातून. काका थोडा वेळ फुरंगटून बसले आणि मग दुकानात जाऊन खरखरीत फरशीच सांगून आले. हरल्याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही. उलट परत येताना ते स्कूटरवर शीळ घालत होते.

काका जन्मभर लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते. आज इथे मुक्काम, उद्या तिथे. संसार झाला भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि तो केला काकूंनी. मुलीची शाळा, आजारपणं, पाहुणेरावळे, गळकं छप्पर, कटकट्या घरमालक, सगळं त्यांनी एकटीने निभावलं. काका घरी यायचे ते झोपायला. निवृत्त झाल्यावर दोघांनी वस्तीच्या टोकाला जागा घेतली आणि घर बांधायला काढलं. पाया खणला तेव्हापासून काकू रोज तिथे हजर. विटांच्या ढिगावर बसून गवंड्याला धारेवर धरायच्या. स्वयंपाकघराची खिडकी बांधून झाल्यावर त्यांनी ती फोडायला लावली.

"हातभर डावीकडे घ्या. मला भांडी घासताना रस्ता दिसला पाहिजे. इतकी वर्षं भिंतीकडे बघत घासली."

गवंडी वैतागला. काकांनी त्याला बाजूला घेतलं. "फोड बाबा. ड्रायव्हर मी असलो तरी घंटी त्यांच्या हातात आहे."

स्लॅब पडला आणि तिकडे मुलीला बाळ झालं. काकू थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेल्या. मग मुलीची रजा संपली, मग बाळाला दात यायला लागले, मग तिकडची थंडी सुरू झाली. महिने लांबत गेले. काकांनी भाड्याच्या खोल्या सोडल्या आणि अर्धवट घरातच मुक्काम हलवला. सिमेंटच्या गोण्यांशेजारी खाट टाकली, फळीवर शेगडी मांडली. बसच्या नोकरीत कुठेही पाठ टेकायची सवय होती, त्यामुळे त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

गवंड्याने ओट्याची उंची विचारली तेव्हा काकांनी हवेत हात धरला. "इथवर. तिच्या कोपराच्या जरा खाली." इतक्या वर्षांत त्यांनी काकूंच्या कोपराकडे कधी मुद्दाम बघितलं नव्हतं, पण हात आपोआप तिथे जाऊन थांबला. ओटा झाला आणि त्यावर रोज भांडी घासायची वेळ काकांवर आली. काकू बुटक्या, काका ताडमाड. रोज सकाळी कंबर धरून ते चरफडायचे, पण ओट्याला नाव ठेवायचे नाहीत.

सुरुवातीला काकू फोनवर सगळं बघायच्या. "कॅमेरा खाली घ्या. अजून खाली. तो कोपरा वाकडा नाही का वाटत?" काका फोन घेऊन परांचीवर चढायचे, मोरीत वाकायचे. पुढे पुढे फोनमध्ये काकूंच्या मागे आवाज वाढायला लागले. बाळ हसतंय, कुणीतरी दार वाजवतंय, कुणी बायका हाका मारतायत. मुलीच्या घराजवळ बायका शिवणकामाला जमायच्या, तिथे काकू जायला लागल्या होत्या. भाषा येत नव्हती, तरी त्यांनी तिथे सगळ्यांना तुरपाई कशी घालायची ते शिकवलं होतं. अंगात जाड निळा कोट आणि डोक्यावर लोकरीची टोपी घालून त्या फोनमध्ये दिसायच्या. काकांना त्या जरा पाहुण्यासारख्या वाटायच्या.

मग रंगाची वेळ आली. पेंटरने पुट्टी घासून भिंती तयार केल्या आणि रंगांचं कार्ड काकांच्या हातात दिलं. काकांनी ते फोनसमोर धरलं.

"छान आहेत सगळे," काकू म्हणाल्या.

"अगं, सगळे कसे? बाहेरच्या खोलीला कुठला?"

"तुम्हाला आवडेल तो द्या."

जन्मात काकू असं कधी बोलल्या नव्हत्या. "तुला आवडेल तो सांग ना. मला काय कळतंय त्यातलं?"

"अहो, खरंच, तुम्हाला आवडेल तो द्या. बाळ उठलं बघा. ठेवते हं."

काका कार्ड धरून उभे राहिले. पेंटर डबा ढवळत खाली बसला होता. "काय म्हणाल्या काकू?"

"फिकट पिवळा," काका म्हणाले. "पण दारामागची भिंत वेगळी नको म्हणाली. सगळीकडे एकच."

ते असं का बोलले, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण तोंडातून गेलं, आणि बरं वाटलं.

त्यानंतर ते सुरूच झालं. सुताराने विचारलं, कपाटाला आरसा बाहेरून लावू की आतून? काका म्हणाले, "आतून. काकूंनी सांगितलंय. येणाऱ्याजाणाऱ्याने तोंड बघत बसायला नको." वायरमनला त्यांनी पलंगाजवळचं बटण खाली घ्यायला लावलं. "काकूंचा हात पुरत नाही तिथवर." कधीकधी ते काकूंच्या नावाने कुरकुरायचेही. "मी म्हटलं, जाळीचं दार कशाला? पण ऐकेल तर ना! हवंच म्हणते." कामगार हसायचे. सुतार म्हणायचा, "आमच्या घरीपण हेच, काका." आणि काका मान हलवायचे, इतर नवऱ्यांसारखे.

फिकट पिवळा पूर्ण झाला तेव्हा काका खोलीच्या मधोमध उभे राहिले. रंग चांगलाच होता. पण काम संपल्याची खूण म्हणून पेंटर ब्रश धुवायला लागला, तसे ते घाईने पुढे झाले.

"अरे, थांब. काकूंना फोटो पाठवला होता. फार भडक वाटतोय म्हणाली."

"हा भडक?" पेंटर म्हणाला.

"एक छटा कमी कर."

छटा कमी झाली. मग काकूंना ती फारच मळकट वाटली. मग पुन्हा मधली आली. पेंटर शिडीवर बसून म्हणाला, "काका, काकूंना सांगा, अजून हात मारले तर भिंत पुढे येईल आणि खोली लहान होईल." काका खूप हसले. त्यांनी चहा टाकला. पेंटर, सुतार आणि काका जिन्यावर बसून चहा प्यायले. सुताराने त्याच्या सासऱ्याची गोष्ट सांगितली, पेंटरने एका घरमालकिणीची नक्कल केली. काकांना वाटलं, काम असंच थोडं थोडं राहत जावं.

पण घर म्हणजे काही समुद्र नाही, कधीतरी काठ लागतोच. नळ बसले, कड्या बसल्या, गोण्या गेल्या, परांची सुटली. सुताराचं एक कपाट तेवढं राहिलं, कारण त्याची बिजागरी यायची होती. त्याच सुमारास मुलीचा फोन आला. आई येतेय. बाळ आता पाळणाघरात जातं, त्यामुळे तिला थोडे दिवस सुटता येईल.

काकांनी सगळं घर पुसून काढलं, खिडक्यांना पडदे लावले. स्कूटर न नेता टॅक्सीने काकूंना आणायला गेले. काकू निळा कोट हातावर टाकून बाहेर आल्या. बारीक झाल्या होत्या, चेहरा उजळला होता. टॅक्सीत त्या बाळाबद्दलच बोलत होत्या.

घरात शिरल्यावर त्या प्रत्येक खोलीत गेल्या. भिंतीवरून हात फिरवला. "किती छान केलंत हो! एकट्याने केलंत सगळं." मग स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून हाक मारली, "अहो, साखर कुठे ठेवता?"

काका दारात आले. आपल्या घरात बायकोला साखर कुठे आहे ते सांगायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी डबा काढून दिला. काकूंनी "थँक्यू" म्हटलं, आणि म्हटल्यावर त्या स्वतःच जरा ओशाळल्या.

दुसऱ्या दिवशी सुतार बिजागरी घेऊन आला. काकूंना बघून त्याने दोन्ही हात जोडले. "काकू! आल्यात एकदाच्या! तुमच्यापायी त्या पेंटरच्या हाताला फोड आले. तीनदा भिंती रंगवल्या त्याने. आणि ते जाळीचं दार, तो कपाटातला आरसा, बटणं! इतक्या लांबून माणसाला नाचवायचं म्हणजे कमाल आहे तुमची."

काकूंनी काकांकडे बघितलं. काका खिडकीच्या काचेवर नसलेला डाग नखाने खरवडत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग! मला भडक रंग चालतच नाही. आणि जाळी नको? डास काय तुम्ही येऊन मारणार?"

सुतार खदखदून हसला. "काका बिचारे म्हणत होते, ऐकेल तर ना!"

"असं म्हणत होते का?" काकू म्हणाल्या. "बघते त्यांच्याकडे."

सुतार बिजागरी बसवेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहून त्याला दार उघडझाप करायला लावत होत्या. एकदा म्हणाल्या, "खाली घासतंय." खरंच घासत होतं. त्याने रंधा मारला. तेवढा वेळ ते घर जसं व्हायला हवं होतं तसं होतं.

सुतार हत्यारं गोळा करून गेला. काकू कपाटासमोर खाली बसल्या, रंध्याचा कीस गोळा करायला लागल्या.

"पिवळा मी कधी सांगितला होता हो?"

"नव्हता सांगितलास."

"मग?"

"कुणीतरी सांगायला हवं होतं ना."

काकूंनी कीस कागदात गुंडाळला. मग म्हणाल्या, "मी राहायला नाही आले. तुम्हाला कळलंच असेल."

"बॅग बघितली तुझी. लहान आहे."

"मला राग नाही कशाचा. घर सुंदर झालंय. पण तुम्ही गाडीवर असायचात तेव्हा मी त्या दोन खोल्यांत भिंतींशी बोलायची. मुलगी शाळेतून येईपर्यंत कधी कधी तोंड उघडायला माणूस नसायचं. या भिंती चांगल्या आहेत हो. पण भिंतीच आहेत. तिथे खाली उतरलं की मला चार बायका हाक मारतात. मला ते आता सोडवत नाही."

"मी आहे ना इथे आता."

"आहात." काकू म्हणाल्या. "तुम्ही चला ना माझ्याबरोबर. मुलीकडे मोठी खोली आहे."

"तिथे मी काय करू?"

"मी करत होते तेच. वाट बघा सगळ्यांची, संध्याकाळपर्यंत."

हे त्या लागट बोलल्या, आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. काकांचा हात धरून म्हणाल्या, "असं म्हणायचं नव्हतं मला." काका म्हणाले, "असू दे. खरंच आहे ते." त्यांनी खरोखरच मनाशी विचार करून बघितला होता. ज्या देशातला एकही रस्ता ठाऊक नाही, तिथे खिडकीत बसलेले ते त्यांना स्वतःलाच दिसेनात. आणि हे घर तर आत्ता कुठे उभं राहिलं होतं. विटेला वीट त्यांच्या डोळ्यांसमोर लागली होती. कुलूप घालून जायचं त्यांच्या जिवावर आलं.

उरलेले दिवस दोघंही एकमेकांशी फार जपून वागले. काकूंनी दिवाणाच्या उश्यांना खोळी शिवल्या, काकांनी त्यांना बाजारात नेलं. एकदाही आवाज चढला नाही. निघायच्या दिवशी काकू दारात वळून म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घ्या." काका म्हणाले, "बाळाला सांभाळ." एवढंच.

त्यांना सोडून आल्यावर काका घरी गेलेच नाहीत. जुन्या आगारात गेले. तिथल्या बाकावर अजून कुणी ओळखीचं भेटेल असं त्यांना वाटत होतं. पण मुख्य फाटकावरचा माणूस नवा होता, कॅन्टीनवाला नवा होता, खाकी कपड्यातली पोरंही सगळी नवी. एकाच्या गाडीचं तोंड चुकीच्या फलाटाला लागलेलं बघून काका सवयीने पुढे झाले, हात वर करून त्याला मागे घेऊ लागले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, बाजूला व्हा. कुठली गाडी पाहिजे तुम्हाला?"

"कुठलीच नाही," काका म्हणाले.

ते बाजूला झाले. बस स्वतःच्या मनाने फलाटाला लागली. माणसं चढली, पिशव्या चढल्या, कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी निघून गेली. काकांनी कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या एक चहा घेतला. मग चालत घराकडे निघाले. वाटेत एका नव्या इमारतीवर गवंडी गिलावा करत होते. काका थोडा वेळ खाली उभे राहून बघत होते. वरून कुणीतरी विचारलं, "काय पाहिजे, बाबा?" त्यांनी हात हलवला आणि पुढे चालू लागले.

दिवेलागणीला ते घरी पोचले. कुलूप काढलं, चपला काढल्या, दार लोटलं. आत सगळं पुसलेलं, लावलेलं, जागच्या जागी होतं. कुठल्या खोलीतला दिवा आधी लावावा, याचा विचार करत ते थोडा वेळ अंधारातच उभे राहिले.