फ्रिजमधली किल्ली

"बाई, किल्ली टाकलीत का?" फ्रिजच्या बटणावर बोट ठेवून धाकटीने विचारलं.

बाईंनी पर्समधून घराची किल्ली काढली, फ्रिज उघडून नळ्यांच्या शेजारी ठेवली आणि दार लावलं. "टाकली. कर बंद."

घरघर थांबली. या प्रयोगशाळेचा हा जुना रिवाज होता. इथे मोजायचा विजेचा प्रवाह इतका बारीक, की फ्रिज नुसता घरघरला तरी स्क्रीनवरच्या रेघेला काटे फुटत. म्हणून मोजमापाच्या वेळी तो बंद. पण नंतर चालू करायचा विसर पडला, की आतली प्रथिनं नासलीच म्हणून समजा. तेव्हा जो मोजायला बसेल त्याने आपल्या घराची किल्ली आत ठेवायची. किल्लीशिवाय माणूस घरी जाणार कुठे? ही अक्कल बाईंची, आणि तिला सुरुंग लावला तोही बाईंच्याच यजमानांनी.

ते बस कंडक्टर. बाईंच्या आधी निवृत्त झाले आणि दिवसभर घरी राहू लागले. दार उघडायला हक्काचा माणूस मिळाला, तशी बाईंना किल्लीची आठवण राहीना. एकदा अशाच नळ्या नासल्या आणि बाई रडवेल्या होऊन घरी आल्या. त्या संध्याकाळी यजमानांनी घरात कायदा केला. दुसऱ्या दिवसापासून दार फटीएवढं उघडायचं आणि फक्त हात बाहेर यायचा.

"किल्ली?"

"अहो, आत तर येऊ द्या."

"तिकिटाशिवाय प्रवेश नाही." मग किल्ली गालाला लावून बघायचे. "गार आहे. चला, पुढे सरका."

घर संस्थेच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे किल्ली गारच असे. नसली, तर नवरा म्हणून दयामाया नाही. सरळ परत पाठवत आणि वर बजावत, "चहा ठेवतो तोवर. पळा."

आज बाईंचा नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि फ्रिजमध्ये त्यांच्या प्रथिनाची शेवटची नळी उरली होती. उद्यापासून खोली धाकटीची. धाकटी म्हणजे काही पोर नव्हे, दोन मुलांची आई. पण बाई थोरल्या, म्हणून ती धाकटी.

बाईंचं आयुष्य एका इवल्याशा चॅनेलवर, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनाच्या वाटेवर, गेलं होतं. तळ्यातल्या शेवाळात एक विषाणू राहतो. माणसाच्या तो वाटेलाही जात नाही, तरी 'विषाणू' ऐकून शेजारीण काही दिवस हातभर लांब उभी राहून बोलायची. त्या विषाणूच्या जनुकांतून पोटॅशियमसाठी एक वाट तयार होते. मोठ्या चॅनेलना व्होल्टेज ओळखायला खास भाग असतो, याला तो नाही. तरीही उणे बाजूला व्होल्टेज वाढवलं, की हे फडफडायला लागतं: उघड, मीट, उघड, मीट. ज्याला कान नाहीत ते ऐकतं कसं? जाणकार म्हणत, पडद्यात घाण असेल. बाई म्हणत, वाटेचा अरुंद भाग रिकामा पडतो. व्होल्टेजच्या जोराने आतले पोटॅशियमचे कण झटपट निघून जातात, मागून तितके येत नाहीत, आणि आत कोणी उरलं नाही की वाट मिटते.

यजमानांना हे एका फटक्यात कळलं होतं. "म्हणजे उतारू भराभर उतरले आणि स्टॉपवर कोणी नाही. रिकामी गाडी डेपोत."

"बरोबर. मग स्टॉपवर गर्दी वाढवून बघायचं. गाडी चालू राहिली, तर मी खरी."

"आणि नाही राहिली तर?"

"तर इतकी वर्षं मी घाणच मोजली."

"मग बघून टाका एकदाचं. मलाही आता धीर धरवत नाही."

त्या प्रयोगाला बाई बसल्या होत्या त्याच दुपारी शेजारणीचा फोन आला. बाई तशाच धावल्या. घराचं दार सताड उघडं होतं, माणसं आत-बाहेर करत होती. किल्ली लागलीच नाही. यजमानांचं दिवसकार्य उरकून परत आल्या तेव्हा फ्रिज बंद, आणि आत नासलेल्या नळ्यांशेजारी त्यांची किल्ली. धाकटीने महिनाभर खपून पुन्हा थोडं प्रथिन बनवलं, तीच ही नळी.

प्लास्टिकच्या कपाच्या भिंतीला सुईच्या टोकाएवढं भोक होतं. दोन्ही बाजूंना खारं पाणी. भोकावर पातळ पडदा धरावा म्हणून बाईंनी केसाएवढा ब्रश चरबीच्या द्रावणात बुडवून त्यावरून फिरवला. पहिला पडदा फुटला. दुसराही फुटला.

"मी घालू का?" धाकटीने हळूच विचारलं.

"घाल. हा घे ब्रश." बाई सरळ उठल्या. मानापमानाला आता वेळ कुठे होता?

धाकटीचा पडदा टिकला. बाईंनी प्रथिनाचा थेंब सोडला. दोघी स्क्रीनकडे बघत बसल्या आणि रेघ एकदम एक पायरी चढली. एकच चॅनेल बसलं होतं. व्होल्टेज उणे दीडशे मिलिव्होल्टवर नेलं तशी रेघ फडफडून धूसर झाली, नेहमीसारखीच.

"आता मीठ," बाई पुटपुटल्या. ज्या बाजूने कण आत येत होते, तिकडच्या पाण्यात धाकटीने पोटॅशियमचं मीठ थेंबाथेंबाने सोडलं. एक थेंब जरा जोरात पडला असता तरी पडदा गेला असता.

व्होल्टेज तेच होतं. रेघेची फडफड कमी झाली. आणखी थेंब. आणखी कमी. मग रेघ वरच्या पायरीवर स्वच्छ उभी राहिली, आणि दोघींनी डोळे भरून बघून घेतल्यावर पडदा फुटला.

"सगळं नोंदलं गेलंय, बाई! घाण नव्हती!" धाकटीने त्यांना मिठीच मारली. "आधी घरी जा, तोंड गोड—" आणि तिने जीभ चावली.

"असू दे गं," बाई म्हणाल्या. त्यांनी फ्रिज चालू केला, घरघर नीट ऐकली, मग किल्ली घेतली. "उद्यापासून तुझी किल्ली. आणि घरच्यांना सांगून ठेव, दार पटकन उघडायचं नाही."

त्या गल्लीतून भरभर चालत आल्या, किल्ली हाताच्या उबेने तापू नये म्हणून रुमालात धरून. दाराशी आल्यावर सवयीने त्यांचा किल्लीचा हात पुढे झाला.

"गार आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि गाडी चालू राहिली."

मग किल्ली गालाला लावून बघितली आणि स्वतःच कुलूप उघडलं.