ठमीचं दान

प्रवरेकाठच्या बेलापुरात कुणाच्या हातून मांजर मेलं की नृसिंहभटांचा उंबरा गाठावा लागे. बाकीची पापं ते तडजोडीनं मिटवून देत, पण मांजराच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला सूट दिली नाही. मांजर मेलं की सोन्याचं मांजर दान, सोनं नसेल तर चांदीचं, आणि तेही कान-शेपटीसकट नीट घडवलेलं. दान घेणारा ब्राह्मण गावात एकच होता, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नसे.

शेजारच्या रतनबाईनं हे आदल्या वर्षीच भोगलं होतं. तिनं उंदरांसाठी पिठाच्या गोळ्यांत विष घालून त्या कणगीमागं ठेवल्या. उंदीर शहाणे निघाले आणि गोळ्या तिच्या मांजरीनं खाल्ल्या. रतनबाई रडून अर्धी झाली होती. आपण मांजरीला हातानं चारलं नाही, असं ती सांगायला लागली, पण भटजींनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. तसं ते कुणालाच पुरतं बोलू देत नसत. समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढची सगळी आपल्याला ठाऊक आहेत, असा त्यांचा समज होता.

"घर तुझं, अन्न तुझं, मांजर तुझं," ते म्हणाले. "मग पाप कुणाचं?"

हे वाक्य गावाला इतकं आवडलं की पुढं महिनाभर जो तो ते एकमेकांना ऐकवत होता. रतनबाईनं थोरल्या लेकाच्या पायातले जुने चांदीचे वाळे मोडून मांजर घडवलं आणि पाणी सोडून दान दिलं. पण मग तिचा जीव त्या वाळ्यांसाठी तुटायला लागला. लेक लढाईवर गेलेला, आणि त्याच्या लहानपणाची तेवढीच खूण तिच्याजवळ उरली होती. दुसऱ्या चांदीचं मांजर करून देते, हे एवढं परत द्या, असं विनवायला ती आली. पाणी सोडलेलं दान देवालासुद्धा परत मागता येत नाही, असं सांगून भटजींनी तिला वाटेला लावलं. चांदीचं मांजर देवघराच्या फडताळात जाऊन बसलं. तिथं त्याला सोबत बरीच होती.

मेलेल्या मांजरीचं एक पिलू मागं राहिलं होतं. ते भटजींच्या पत्नी दमयंतीबाईंनी घरी आणलं. भटजींनी सुरुवातीला नाक मुरडलं, विटाळाचं काहीतरी पुटपुटले. पण त्या पिलानं एके दिवशी जप चालू असताना मांडीवर मुक्काम ठोकला आणि भटजींचा जप त्या दिवशी फारच लांबला. मग तिचं नाव ठमी पडलं. पानात पहिला तूपभात कालवला जाई तो तिच्यासाठी. ती म्याव म्याव करून गाऱ्हाणं सांगायला लागली की भटजी मान डोलावत ऐकत. अख्ख्या गावात ती एकटीच अशी होती, जिचं बोलणं ते शेवटपर्यंत ऐकून घेत.

अशात कांदेनवमी आली. एकादशीपासून चार महिने कांदा वर्ज्य, म्हणून त्या दिवशी घरोघर कांद्याचा फडशा पडतो. लढाईमुळे तेल मिळायची मारामार होती, तरी दमयंतीबाईंनी कुठून कुठून साठवून भजी तळली, थालिपीठं लावली. लेक अंबिका आणि जावई शामकांत नगरहून आले होते. शामकांत गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होता. भटजी आपल्या पानातली भजी ठमीपुढं टाकत होते आणि ठमी ती चट्टामट्टा करत होती. ते बघून शामकांतचा हात थांबला.

"अण्णा, मांजराला कांदा विषासारखा असतो," तो म्हणाला. "रक्ताचं पाणी होतं. अर्थात..."

भटजींनी त्याचं 'अर्थात' तिथंच कापलं. कांद्यानं मरायचं तर आज सगळं बेलापूर आडवं व्हायला हवं, असं म्हणून ते हसले, आणि मग साहेबाच्या पुस्तकांवर बराच वेळ बोलले. सासऱ्याशी वाद घालण्यापेक्षा शामकांतनं पुढचं भजं उचललं. दुपारच्या गाडीनं मुलगी आणि जावई नगरला निघून गेले.

जेवून उठल्यावर सगळं बेलापूर खरोखरच आडवं झालं. भटजीही ढेकर देत पडले. उन्हं कलल्यावर जाग आली तर ठमी खांबापाशी पाय ताणून पडलेली. हाक मारली तर तिनं नुसता कान हलवला. दूध ठेवलं तर तोंड फिरवलं. तेव्हा जावयाचं ते रक्ताचं पाणी भटजींच्या डोक्यात शिरलं आणि काही केल्या निघेना. आकंठ खाऊन सुस्तावली आहे, तुम्हीही असेच पडला होतात, असं दमयंतीबाई सांगत होत्या. त्यांचंही त्यांनी पुरतं ऐकून घेतलं नाही.

ठमी जाईल या विचारानं भटजींचे डोळे खरोखरच भरले. पण डोळे पुसता पुसता दुसरी गोष्ट सुचली आणि ते ताठ बसले. ठमी इथं मेली तर ते गाजलेलं वाक्य गाव आपल्यालाच ऐकवणार. प्रायश्चित्त सांगायला परगावचा भटजी येणार, आणि तो काही चांदीवर भागवणार नाही. त्यांनी सुटकेची वाट शोधायला सुरुवात केली. भजी बायकोनं तळली, मांजरीनं आपल्या तोंडानं खाल्ली, असं म्हणून बघितलं. पण या वाटा रतनबाईच्या वेळी त्यांनी स्वतःच बुजवल्या होत्या. घर बदलता येत नव्हतं, पोटात गेलेलं अन्न बदलता येत नव्हतं. राहता राहिलं मांजर कुणाचं, एवढंच.

दशमीच्या सकाळी दमयंतीबाई नदीवर गेलेल्या बघून भटजी ठमीला उपरण्यात गुंडाळून रतनबाईच्या अंगणात उभे राहिले. चातुर्मास लागतोय, तुझ्या मांजरीचं पोर तुला द्यावं असं मनात आलं, असं ते म्हणाले. भटजी काही द्यायला आलेत, हे पचायला रतनबाईला थोडा वेळ लागला. मग तिनं हात पुढं केले, पण भटजींचं एवढ्यावर भागणार नव्हतं. उद्या कुणी शंका काढायला नको. त्यांनी तांब्या मागवला, तिच्या हातावर पाणी सोडलं आणि स्वच्छ आवाजात 'न मम' म्हटलं. माझी नाही. मग मागं न बघता घरी आले आणि सोवळं नेसून बसले.

ठमीनं दुपारपर्यंत झोप काढली, उठून रतनबाईच्या घरचं दूध प्यायलं आणि एकादशीला कुंपणाच्या भिंतीवर बसून मिशा चाटायला लागली. भटजी उपास विसरून बघत राहिले. संध्याकाळी ती उडी मारून आली आणि त्यांच्या मांडीवर बसली. त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून तोंडाजवळ घेतलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून रतनबाई डोकावली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"ऱ्हाऊ द्या भटजी तिला तुमच्याकडं, माझं काई म्हननं न्हाई. पर दान परत घेता येत आसंल, तर माझ्या लेकाचे वाळेबी द्या. मग आपन दोघं मोकळं."

भटजींनी पहिल्यांदाच कुणा माणसाचं पुरतं ऐकून घेतलं. फडताळ हाताच्या अंतरावर होतं. पण रतनबाईचं परत दिलं, की आपापलं मांजर मागायला उद्या गोरक्ष पाटील येणार, परवा सहादेव, आणि आठवड्यात फडताळ रिकामं होणार. त्यांनी ठमीला खाली ठेवलं आणि हाड् हाड् केलं. तिला वाटलं खेळ आहे. शेवटी त्यांना उपरणं उगारावं लागलं.

नागपंचमीला अंबिकेला माहेरी सोडायला शामकांत आला. ठमी दिसेना म्हणून त्यानं विचारलं, आणि सगळं कळल्यावर खाली मान घातली. वारंवार घातला तर कांदा मांजराला बाधतो, पुन्हा घालू नका, पण एखाददुसऱ्या भज्यानं लगेच काही ती मरत नाही, असं आपण पुढं सांगणार होतो, एवढं तो म्हणाला.

दमयंतीबाई दशमीपासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि वाळ्यांचं चांदीचं मांजर आणून भटजींच्या पानाशेजारी, ठमीच्या जागेवर ठेवलं.

"हिला वाढा आता," त्या म्हणाल्या. "हिला काही बाधत नाही."

भटजींनी तूपभात कालवला होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून ठमीचं गाऱ्हाणं सुरू झालं. ते घास हातात धरून ऐकत राहिले, आणि तिचं बोलून संपेपर्यंत त्यांनी तो तोंडात घातला नाही.